आशियाई स्पर्धांचे जनक जी. डी. सोंधी यांना स्पर्धा सुरू असतानाच जकार्ता का सोडावं लागलं?

३ सप्टेंबर १९६२. इंडोनेशियाची राजधानी जकार्तामध्ये चौथी आशियाई क्रीडा स्पर्धा संपायला एकच दिवस उरला होता. त्या दिवशी संतप्त जमावाने तिथल्या भारतीय दूतावासावर हल्ला केला. जमावाचा रोष मात्र राजदूतावर किंवा एखाद्या मंत्र्यावर नव्हता. तो होता सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त प्राचार्यांवर. त्यांचं नाव गुरू दत्त सोंधी.

गंमत म्हणजे, आशियाई क्रीडा स्पर्धांची कल्पना याच सोंधींची होती.

कोण होते सोंधी?

सोंधींचा जन्म १८९० साली जालंधरचा. लाहोरचं गव्हर्नमेंट कॉलेज आणि नंतर केंब्रिज असं त्यांचं शिक्षण झालं. पुढे त्याच लाहोरच्या कॉलेजात ते प्राध्यापक आणि मग प्राचार्य झाले. भारताच्या ऑलिम्पिक चळवळीत ते सुरुवातीपासून होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला ध्यानचंद यांचा हॉकी संघ गेला, तेव्हा सोंधी संघाचे मॅनेजर होते. त्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे (आयओसी) सदस्य झाले. त्यांच्याआधी भारतातून हा मान फक्त सर दोराबजी टाटा यांना मिळाला होता.

आशियातल्या देशांची स्वतःची स्पर्धा असावी, हे त्यांचं स्वप्न होतं. १९३४ मध्ये त्यांनी दिल्ली आणि पतियाळा इथे पश्चिम आशियाई स्पर्धा भरवली. भारत, अफगाणिस्तान, सिलोन आणि ब्रिटिश अमलाखालचं पॅलेस्टाइन असे चार संघ त्यात आले. पुढची स्पर्धा तेल अवीवमध्ये ठरली होती, पण ती झालीच नाही.

स्वातंत्र्यानंतर सोंधी पुन्हा कामाला लागले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकदरम्यान त्यांनी आशियाई देशांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवलं. १९४९ मध्ये दिल्लीत महासंघाची स्थापना झाली आणि मार्च १९५१ मध्ये दिल्लीतच पहिली आशियाई स्पर्धा पार पडली. ११ देशांनी त्यात भाग घेतला.

जकार्तात नेमकं काय घडलं?

१९६२ चं यजमानपद इंडोनेशियाकडे होतं. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्यासाठी हा देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. सोव्हिएत कर्जातून भव्य स्टेडियम उभं राहिलं होतं.

पण इस्रायल आणि तैवान हे दोन्ही महासंघाचे सदस्य होते. अरब देशांना इस्रायल नको होता, तर चीनला तैवान. या दोघांना दुखवायची सुकार्नो सरकारची तयारी नव्हती. त्यामुळे इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियात प्रवेशच मिळाला नाही.

महासंघाचा नियम स्पष्ट होता. सदस्य देशाला राजकीय कारणावरून वगळता येत नाही. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने मान्यता काढून घेतल्यामुळे तो खेळ रद्द झाला. बाकीची स्पर्धा मात्र ठरल्याप्रमाणे सुरू झाली.

महासंघाचे उपाध्यक्ष असलेल्या सोंधींनी इथे ठाम भूमिका घेतली. सदस्यांना बाहेर ठेवलं असेल, तर या स्पर्धेला 'आशियाई स्पर्धा' म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

वाद इतका का चिघळला?

सोंधींची भूमिका भारताच्या परराष्ट्र धोरणाशी जुळणारी नव्हती. भारत सरकारने कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली होती, तैवानला नाही. इस्रायलशी तेव्हा आपले पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते. सोंधी बोलत होते ते क्रीडा संघटनेचा पदाधिकारी म्हणून. ही त्यांची वैयक्तिक भूमिका आहे, असं सांगत भारत सरकारने हात झटकले.

इंडोनेशियात हा फरक कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. जमाव थेट दूतावासावर चालून गेला. औंध संस्थानच्या राजघराण्यातले आप्पासाहेब पंत तेव्हा तिथे भारताचे राजदूत होते. त्याच दिवशी सोंधींनी जकार्ता सोडलं.

झळ खेळाडूंनाही बसली. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात खच्चून भरलेल्या स्टेडियमने भारतीय संघाची हुर्यो उडवली. तरीही भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. गणपत आंदळकर आणि सांगलीचे मारुती माने यांनी कुस्तीत सुवर्ण मिळवलं, तेही याच स्पर्धेत. म्हणजे सोंधींचं ऐकलं गेलं असतं, तर आपल्याच खेळाडूंच्या पदकांवर 'आशियाई' हा शिक्का राहिला नसता. स्पर्धेचं नाव शेवटी बदललं नाही आणि ही पदकं आजही आशियाई पदकंच मानली जातात.

पुढे काय झालं?

फेब्रुवारी १९६३ मध्ये आयओसीने इंडोनेशियाला निलंबित केलं. सुकार्नोंनी चीनच्या मदतीने 'गानेफो' ही वेगळीच स्पर्धा उभी केली आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये ती जकार्तात भरवली. तिथे खेळलेल्या अनेक खेळाडूंवर आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स आणि जलतरण महासंघांनी बंदी घातली. त्यामुळे १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधून इंडोनेशिया आणि उत्तर कोरियाने माघार घेतली. निर्णय सरकारांचे होते, संधी गेली खेळाडूंची.

सोंधी १९६६ मध्ये वारले. अखेरपर्यंत ते आयओसीचे सदस्य होते.

सोंधी जिंकले की हरले?

आयओसीच्या निर्णयाने त्यांचं म्हणणं खरं ठरवलं, पण आशियात तो नियम टिकला नाही. १९७४ ची तेहरान स्पर्धा इस्रायलची शेवटची आशियाई स्पर्धा ठरली. १९८२ मध्ये जुन्या महासंघाच्या जागी ऑलिम्पिक कौन्सिल ऑफ एशिया आली, तिने इस्रायलला घेतलंच नाही.

हा पेच आजही सुटलेला नाही. २०१९ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापकाने हाँगकाँगमधल्या आंदोलकांच्या बाजूने एक ट्वीट केलं आणि चीनच्या सरकारी वाहिनीने एनबीएचे सामने दाखवणं थांबवलं. तिथे कोट्यवधी डॉलरची बाजारपेठ पणाला लागली होती, जकार्तात यजमान देशाची मर्जी. क्रीडा संघटनांच्या घटनेत समानतेचं कलम असतंच. ते यजमानाच्या तोंडावर वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या पाठीशी किती जण उभे राहतात, यावर त्या कलमाची किंमत ठरते. जकार्तात सोंधींच्या पाठीशी त्यांचं स्वतःचं सरकारही नव्हतं.