फ्रान्सला ऑलिम्पिकची मॅरेथॉन जिंकून दिली, पण कारखान्यातल्या या कामगाराला फ्रान्सच विसरून गेलं

1928 चं ॲमस्टरडॅम ऑलिम्पिक म्हटलं की आपल्याला हॉकी आठवते. ध्यानचंद यांच्या स्टिकची जादू जगाने पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. फायनलमध्ये नेदरलँड्सला त्यांच्याच घरात 3-0 ने हरवून भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं.

त्याच ऑलिम्पिकमध्ये अजून एक माणूस सुवर्णपदक जिंकून गेला. तोही आपल्यासारखाच एका गुलाम देशातला. फरक एवढाच की भारतावर इंग्रजांचं राज्य असलं तरी आपली टीम भारत म्हणून उतरली होती. या गड्याला ती सोयही नव्हती. ज्यांनी त्याच्या देशावर कब्जा केला होता, त्यांचीच जर्सी घालून त्याला पळावं लागलं.

त्याचं नाव अहमद बुगेरा एल वाफी.

गोष्ट सुरू होते अल्जेरियात. सहारा वाळवंटाच्या कडेला बिस्क्रा नावाचं शहर आहे. त्याच भागातल्या उलेद जेलाल या गावात 1898 साली एल वाफीचा जन्म झाला. तेव्हा फ्रान्सला अल्जेरिया ताब्यात घेऊन 60 वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

आता इथे एक भानगड समजून घेतली पाहिजे. फ्रान्सच्या लेखी अल्जेरिया ही साधी वसाहत नव्हती, तो फ्रान्सचाच भाग होता. म्हणजे कागदावर एल वाफी फ्रान्सचाच माणूस. पण तिथल्या मुस्लिम जनतेला फ्रेंच नागरिकाचे पूर्ण हक्क नव्हते. त्यांच्यासाठी कायदे वेगळे, शिक्षा वेगळ्या. युद्ध आलं की मात्र सैन्यात भरतीसाठी त्यांची आठवण व्हायची.

एल वाफीसुद्धा असाच फ्रेंच सैन्यातल्या अल्जेरियन तुकडीत गेला. तिथे एका अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की हा गडी पळायला लागला की थांबायचं नावच घेत नाही. त्याने एल वाफीला शर्यतींमध्ये उतरवलं आणि तिथून रस्ता थेट 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत गेला.

त्या मॅरेथॉनमध्ये एल वाफी सातवा आला. वेळ लागली 2 तास 54 मिनिटं. त्याच्या एक नंबर पुढे, सहाव्या क्रमांकावर होता चिलीचा मॅन्युएल प्लाझा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सैन्यातून बाहेर पडल्यावर एल वाफी गावी परत गेला नाही. तो पॅरिसमध्येच राहिला आणि शेजारच्या बिलांकूरमध्ये रेनॉच्या कारखान्यात कामाला लागला. आज आपल्या रस्त्यांवर जिच्या क्विड आणि डस्टर गाड्या दिसतात, तीच ही कंपनी.

त्या काळात अल्जेरियातून हजारो तरुण पोटासाठी पॅरिसच्या आसपासच्या कारखान्यांत येत होते. भाषा वेगळी, धर्म वेगळा, हवा वेगळी. एल वाफी त्यांच्यातलाच एक. दिवसभर मशीनसमोर उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात पळायचा सराव करायचा. आजच्यासारखे कोच, डाएटिशियन, स्पॉन्सर वगैरे प्रकार नव्हतेच.

अशाच तयारीवर तो 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला पोहोचला.

तारीख होती 5 ऑगस्ट. मॅरेथॉनमध्ये फिनलंडचे धावपटू होते, जपानचे होते, अमेरिकेचा जोई रे होता. एल वाफीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

सुरुवातीला त्यानेही कुणाला बघायचं कारण दिलं नाही. पुढचे लोक जोर लावत होते आणि हा आपला मागे राहून एका लयीत पळत होता. मॅरेथॉनचं गणितच असं असतं. 42 किलोमीटरमध्ये सुरुवातीला उधळलेली ताकद शेवटी व्याजासकट वसूल होते. पुढचे एकेक करून दमायला लागले आणि एल वाफी एकेकाला गाठत वर सरकत गेला.

शेवटच्या टप्प्यात जपानचा कानेमात्सु यामादा आघाडीवर होता. शर्यत संपायला काही किलोमीटर उरले असताना एल वाफीने त्यालाही मागे टाकलं. मागून अजून एक जण वेगाने येत होता, तोच चार वर्षांपूर्वीचा मॅन्युएल प्लाझा. पण या वेळी एल वाफीने त्याला पुढे जाऊ दिलं नाही.

2 तास 32 मिनिटं 57 सेकंद. एल वाफी पहिला. प्लाझा त्याच्यानंतर 26 सेकंदांनी आला. पॅरिसमधला सहावा आणि सातवा, ॲमस्टरडॅममध्ये पहिला आणि दुसरा झाले होते. फक्त आता क्रम उलटा होता. एल वाफीने चार वर्षांत आपल्या वेळेतून 21 मिनिटं कमी केली होती.

त्या ऑलिम्पिकमध्ये ॲथलेटिक्समधलं फ्रान्सचं हे एकमेव सुवर्णपदक होतं. ते आणलं कुणी, तर ज्याला फ्रान्स पूर्ण नागरिक मानायला तयार नव्हता त्याने.

साहजिकच आपल्याला वाटेल की आता या माणसाचं नशीब पालटलं असेल. झालं उलटंच.

पदकाने पोट भरत नव्हतं. त्यात त्याला अमेरिकेतून बोलावणं आलं. तिकडे पैसे लावून शर्यती व्हायच्या, लोक तिकीट काढून बघायला यायचे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची जोई रे सोबत मॅरेथॉन लावण्यात आली. तीही इनडोअर, छताखाली गोल गोल चकरा मारत. एल वाफी पळाला, त्याचे त्याला पैसे मिळाले.

आणि इथेच त्याची कारकीर्द संपली.

तेव्हा ऑलिम्पिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना जागा होती. खेळून पैसे घेतले की तुम्ही व्यावसायिक आणि व्यावसायिक झालात की ऑलिम्पिकचे दरवाजे बंद. हा नियम श्रीमंत घरातल्या खेळाडूंना सहज परवडायचा. कारखान्यात मजुरी करणाऱ्या माणसाचं काय? त्याच्यावर बंदी आली आणि पुन्हा ऑलिम्पिकमध्ये उतरायची संधी कायमची गेली.

अमेरिकेत कमावलेल्या पैशातून त्याने पॅरिसमध्ये एक कॅफे घेतला. तोही टिकला नाही. भागीदाराने फसवलं असं सांगितलं जातं. पुन्हा मिळेल ते काम, पुन्हा मजुरी. वर्षं सरत गेली, दुसरं महायुद्ध येऊन गेलं. ऑलिम्पिक चॅम्पियन एल वाफी कुठे आहे हे विचारणारं कुणी उरलं नाही.

मग 1956 साल उजाडलं. मेलबर्न ऑलिम्पिकची मॅरेथॉन फ्रान्सच्या अलैं मिमूनने जिंकली. ज्या एमिल झाटोपेकने त्याला आधीच्या दोन ऑलिम्पिकमध्ये तीनदा दुसऱ्या नंबरवर ठेवलं होतं, तो या वेळी सहावा आला. मिमूनचा जन्मही अल्जेरियातलाच.

मग लोकांना आठवलं की 28 वर्षांपूर्वी असाच एक अल्जेरियन फ्रान्ससाठी मॅरेथॉन जिंकला होता. शोधाशोध झाली. एल वाफी पॅरिसजवळ गरिबीत दिवस काढताना सापडला. मिमून त्याला भेटला आणि राष्ट्राध्यक्ष रने कोटी यांच्या एलिझे राजवाड्यातल्या समारंभाला आपल्यासोबत घेऊन गेला. जो मान 1928 मध्ये मिळायला हवा होता, तो 28 वर्षांनी मिळाला. तोही दुसऱ्याच्या विजयामुळे.

पण तोवर अल्जेरिया पेटलं होतं. 1954 पासून फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतं आणि त्याच्या झळा पॅरिसच्या उपनगरांपर्यंत येत होत्या. तिथे राहणारे अल्जेरियन दोन्हीकडून भरडले जात होते. फ्रेंच पोलिसांचा त्यांच्यावर संशय आणि त्यांच्याच लोकांच्या संघटनांमध्ये आपापसात मारामाऱ्या.

ऑक्टोबर 1959 मध्ये पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसमध्ये एल वाफीची गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हा तो 61 वर्षांचा होता. काही जण म्हणतात तो स्वातंत्र्ययुद्धातल्या हिंसाचाराचा बळी ठरला, काही जण म्हणतात कौटुंबिक वाद होता. त्याला बोबिनीच्या मुस्लिम दफनभूमीत दफन करण्यात आलं.

तीन वर्षांनी, 1962 मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. तो दिवस बघायला एल वाफी नव्हता. स्वतंत्र अल्जेरियाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळायला 1992 साल उजाडलं, ते बार्सिलोनात हसीबा बुलमर्काने 1500 मीटर शर्यतीत जिंकलं. एल वाफीचं पदक मात्र ऑलिम्पिकच्या नोंदींमध्ये आजही फ्रान्सच्याच खात्यात आहे.

जाता जाता अजून एक गोष्ट. ऑलिम्पिकची पुरुषांची मॅरेथॉन फ्रान्सच्या नावावर तीन वेळा लागली आहे. 1900 मध्ये मिशेल तेआतो, 1928 मध्ये एल वाफी आणि 1956 मध्ये मिमून. दर वेळी बरोबर 28 वर्षांचं अंतर. यातला तेआतो जन्माने लक्झेंबर्गचा आणि उरलेले दोघे अल्जेरियाचे.

म्हणजे या शर्यतीत फ्रान्सला सोनं मिळवून देणारे तिघंही बाहेरून आलेले होते. त्यातल्या एल वाफीची आठवण काढायला फ्रान्सला 28 वर्षं लागली.