मुमताज महल : चौदावे बाळंतपण आणि न थांबलेला रक्तस्राव

नाशिक रोडहून भुसावळ, खांडव्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या बुऱ्हाणपूरला थांबतात. तापीकाठच्या या गावात १७ जून १६३१ रोजी मुमताज महलचा बाळंतपणात मृत्यू झाला. ताजमहाल सगळ्यांना माहीत असतो. तो ज्या मृत्यूमुळे उभा राहिला त्याचे कारण, म्हणजे प्रसूतीतला अतिरक्तस्राव, फारसे कोणी बोलत नाही.

तिचे मूळ नाव अर्जुमंद बानू. जन्म १५९३ चा, वडील आसफ खान, आत्या नूरजहाँ. १६१२ मध्ये शाहजादा खुर्रमशी, म्हणजे पुढच्या शाहजहानशी, तिचे लग्न झाले तेव्हा ती १९ वर्षांची होती. नवरा मोहिमेवर निघाला की तीही बरोबर जाई, दिवस गेलेले असले तरी. औरंगजेब १६१८ मध्ये दाहोदला जन्मला, तोही प्रवासातच. १६१३ ते १६३१ या काळात तिची १४ बाळंतपणे झाली. दोन बाळंतपणांत सरासरी दीड वर्षाचेही अंतर नाही. त्यांतली ७ मुलेच जगली.

खानजहान लोदीच्या बंडामुळे शाहजहान १६३० मध्ये दख्खनेकडे आला आणि तळ बुऱ्हाणपूरला पडला. तिथे मुमताजच्या कळा सुमारे ३० तास चालल्या असे सांगतात. मुलगी झाली, गौहरआरा. आई मात्र वाचली नाही. तिची मुख्य सेविका सती-उन-निसा स्वतः वैद्यकी जाणणारी होती, शाही हकीमही होते. पण त्या काळी कोणाच्याच हातात गर्भाशय आवळणारे इंजेक्शन नव्हते, रक्ताची पिशवी नव्हती.

पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहते. बाळ आणि वार बाहेर आली की स्नायू आवळतात व उघड्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. खूप बाळंतपणे झाली, कळा फार लांबल्या, की स्नायू थकतो आणि सैल पडतो. जास्त बाळंतपणांनंतर वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी बसण्याचा धोकाही वाढतो. खालच्या भागात स्नायू कमी, म्हणून तिथली जखम लवकर आवळत नाही. सिझेरियन करूनही रक्त वाहत राहते. आज मात्र १४ बाळंतपणांपेक्षा आधीचे सिझेरियन हेच आम्हाला जास्त दिसणारे कारण आहे. वार त्या जुन्या टाक्यावर बसली तर ती गर्भाशयात घट्ट रुतू शकते. अशी वार ओढून काढायला गेले तर काही मिनिटांत लिटरच्या लिटर रक्त जाते.

म्हणून आधीचे सिझेरियन किंवा पिशवी साफ केलेली असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. सोनोग्राफीत वार खाली दिसली तर घाबरू नका, गर्भाशय वाढते तशी बहुतेकींची वर सरकते. पण ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा तपासणी चुकवू नका. हिमोग्लोबिन आधीच वाढवून घ्यायचे. रुतलेल्या वारेचे सिझेरियन साधारण ३४ ते ३६ आठवड्यांत, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि अनुभवी सर्जन असलेल्या रुग्णालयात ठरवून करतात. मुहूर्तासाठी तारीख पुढे ढकलण्याची ही शस्त्रक्रिया नव्हे. बाळ काढल्यावर वार तशीच ठेवून गर्भाशयच काढावे लागू शकते. नातेवाईक इथे अडतात, आणि मला ते समजते. पण हा निर्णय टेबलावर, रक्त वाहत असताना घेण्यापेक्षा आधी घरात बसून बोललेला बरा. वार नुसती खाली असेल तर ऑक्सिटोसिन, टाके, गर्भाशयात फुगवलेला फुगा यांनी बऱ्याचदा गर्भाशय वाचते. यादरम्यान दुखत नसताना अंगावरून लाल रक्त गेले तरी १०८ ला फोन करा किंवा लगेच निघा; सकाळपर्यंत थांबू नका.

मुमताजला आधी तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत पुरले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचा देह आग्र्याला नेला, बरोबर शाहजादा शुजा आणि सती-उन-निसा होते. त्या रात्री जन्मलेली गौहरआरा १७०६ पर्यंत जगली.