खाशाबा जाधव: पहिल्या पदकाचा विस्मृतीत गेलेला मल्ल

ऑलिम्पिक स्पर्धा जवळ आल्या की बसवनगुडीपासून कोल्हापूरच्या गंगावेशीपर्यंत क्रीडारसिकांच्या गप्पांना रंग चढतो. कोणाची लढत कोणाशी पडणार, कोणता गट सोपा, कोणता अवघड, याचे हिशेब मांडले जातात. बॉक्सिंगचे चाहते २००८ मध्ये बीजिंगला विजेंदर सिंगने मिळवलेल्या पदकापासून मोजायला सुरुवात करतात आणि पुढे मेरी कोम, लवलिना बोर्गोहेन अशी नावे घेतात. कुस्तीचे चाहते सुशील कुमारचे नाव घेतात. मात्र आमनेसामनेच्या लढतीत स्वतंत्र भारताला पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणाऱ्या मल्लाचे नाव या गप्पांत फार उशिरा येते. काही वेळा ते येतच नाही.

हा मल्ल म्हणजे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव. २३ जुलै १९५२ रोजी फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. त्यानंतर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे वाट पाहावी लागली. त्या वर्षी टेनिसपटू लिएंडर पेसने अटलांटा येथे कांस्यपदक मिळवले, तेव्हा खाशाबांच्या निधनाला जवळपास १२ वर्षे होत आली होती.

गोळेश्वरची लाल माती

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्याने अगदी लहान वयात त्यांच्या अंगाला आखाड्याची माती लागली. जोर, बैठका आणि डावपेचांचे धडे त्यांना वडिलांकडूनच मिळाले.

त्यांची देहयष्टी पाहून कोणालाही ते मोठे मल्ल वाटले नसते. उंची बेताची, अंगलट सडपातळ. त्या काळी गावोगावच्या जत्रांतील मैदाने भरदार शरीराच्या पैलवानांची होती. खाशाबांनी आपल्या शरीराची ही मर्यादा ओळखली आणि चपळाईवर भर दिला. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात पकडीत घेऊन त्याला क्षणात खाली आणणारा ढाक हा डाव त्यांच्या हुकमी डावांपैकी एक मानला जाई. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडले ते याच चपळाईमुळे.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच १९४२ चे चले जाव आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्हा या आंदोलनाचे मोठे केंद्र होता. विद्यार्थी असलेल्या खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचवणे अशी कामे केली. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले आणि त्यांच्या कुस्तीला खऱ्या अर्थाने मोठे मैदान लाभले. राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या राजाश्रयामुळे कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी बनली होती. खासबाग मैदान आणि शहरातील जुन्या तालमी यांनी अनेक पिढ्यांचे मल्ल घडवले.

लंडनचा धडा

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. त्यांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. या स्पर्धेपूर्वी त्यांना रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले. तोपर्यंत खाशाबांची सारी कुस्ती मातीतली होती. लंडनमध्ये लढायचे होते ते गादीवर.

हा फरक केवळ पायाखालच्या पृष्ठभागापुरता नव्हता. मातीतल्या कुस्तीत निकाल लागतो तो प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्यावर. गादीवरच्या कुस्तीत वेळेचे बंधन असते, पकडींचे नियम वेगळे असतात आणि चीतपट झाली नाही तर पंच निर्णय देतात. मातीत पाय रोवून उभा राहणारा मल्ल गादीवर सहज घसरतो. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेल्या सवयी अल्पावधीत मोडून नव्या सवयी लावून घेणे हे मोठे आव्हान होते.

तरीही फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना पराभूत केले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली. त्यांना सहावे स्थान मिळाले. गादीवरच्या कुस्तीचा फारसा अनुभव नसलेल्या २२ वर्षांच्या मल्लासाठी ही कामगिरी लहान नव्हती. खाशाबा त्यावर समाधानी नव्हते. मायदेशी परतल्यावर त्यांनी पुढील चार वर्षे कसून सराव केला आणि फ्लायवेटऐवजी वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरण्याची तयारी केली.

निवडीची लढाई

हेलसिंकीचा मार्ग सोपा नव्हता. पहिली अडचण निवडीची होती. मद्रास येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना निरंजन दास या मल्लाविरुद्ध एका गुणाने मागे ठेवण्यात आले. गुण देताना आपल्यावर अन्याय झाला, अशी खाशाबांची भावना होती. त्यांनी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळाचे जाणकार होते. त्यांनी दोघांची कुस्ती पुन्हा लावली. खाशाबांनी ती अल्पावधीत जिंकली आणि संघातील आपली जागा मिळवली.

दुसरी अडचण पैशांची होती. त्या काळी निवड झाली म्हणजे प्रवासाची सोय झाली असे नव्हते. सरकारी मदत पुरेशी नव्हती. खाशाबांच्या कुटुंबाने आणि गावकऱ्यांनी दारोदार जाऊन वर्गणी गोळा केली. कराड परिसरातील दुकानदार आणि शेतकरी यांनी जमेल तशी भर घातली. तरीही रक्कम अपुरी पडत होती. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी शिक्षकाने घर गहाण टाकावे, याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

याच संघात कोल्हापूरचे आणखी एक मल्ल केशव माणगावे होते. त्यांनी फेदरवेट गटात चौथे स्थान मिळवले. त्यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले. एकाच शहराच्या तालमींत घडलेले दोन मल्ल एकाच ऑलिम्पिकमध्ये पहिल्या चारांत आले, ही बाब आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

हेलसिंकीची ती अर्ध्या तासाची विश्रांती

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा अॅड्रियन पॉलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर मात केली. जपानच्या शोहाची इशीने मात्र त्यांना पराभूत केले. पुढे सुवर्णपदक याच इशीने जिंकले. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण होते, एवढ्यावरून या गटातील चुरशीची कल्पना यावी.

यानंतरचा प्रसंग खाशाबांच्या आयुष्यातील सर्वांत चर्चिला गेलेला प्रसंग आहे. एक दीर्घ लढत संपवून ते थकलेले असतानाच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध गादीवर उतरण्यास सांगण्यात आले. नियमानुसार दोन लढतींच्या दरम्यान किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळणे आवश्यक होते. ती मागण्यासाठी अधिकृत व्यक्तीने आयोजकांशी बोलणे गरजेचे होते. त्या क्षणी भारतीय संघाचा एकही पदाधिकारी तेथे उपस्थित नव्हता. इंग्रजीतून आणि परकीय वातावरणात आपली बाजू एकट्याने मांडणे खाशाबांना शक्य झाले नाही. थकलेल्या शरीराने ते लढले आणि हरले. मामेदबेकोव्हला रौप्य मिळाले, तर खाशाबांच्या वाट्याला कांस्य आले.

ती विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे सांगता येणार नाही. सोव्हिएत मल्लही तितकाच तोलामोलाचा होता. मात्र ज्या मल्लाला गावाने वर्गणी काढून आणि शिक्षकाने घर गहाण ठेवून तेथवर पोहोचवले, त्याच्यासाठी दोन शब्द बोलणारा माणूस ऐन वेळी जवळ नव्हता, ही वस्तुस्थिती उरतेच.

दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात हॉलंडचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक पटकावले. देशाचे लक्ष स्वाभाविकपणे हॉकीकडे गेले. कुस्तीतील कांस्यपदक त्या जल्लोषात मागे पडले.

१५१ बैलगाड्यांची मिरवणूक

कराडकर मात्र विसरले नाहीत. खाशाबा परतले तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी १५१ बैलगाड्या सजवण्यात आल्या होत्या. ढोल-लेझीमच्या गजरात निघालेल्या या मिरवणुकीला एरवी काही मिनिटांत पार होणाऱ्या अंतरासाठी सुमारे सात तास लागले, असे जुने लोक सांगत. दिल्ली-मुंबईत न झालेला गौरव गावाने केला.

खाशाबांनीही आपले ऋण विसरले नाही. परतल्यावर कुस्तीची मैदाने भरवून मिळालेल्या पैशांतून त्यांनी खर्डेकरांचे घर सोडवण्यास हातभार लावला. ऑलिम्पिक पदकविजेत्याने मायदेशी परतताच पहिली कुस्ती कर्ज फेडण्यासाठी लढावी, यातच त्या काळातील खेळाडूंची स्थिती स्पष्ट होते.

पोलीस दलातील वर्षे

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचे त्यांचे स्वप्न अपुरे राहिले आणि आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच थांबली. पोलीस दलातील स्पर्धांत त्यांनी यश मिळवले, तरुण पोलिसांना कुस्तीचे धडेही दिले. मात्र बढतीच्या वाटेवर ऑलिम्पिक पदकाचा त्यांना फारसा उपयोग झाला नाही. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले.

१९८२ मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश करण्यात आला. हयातीत त्यांच्या वाट्याला आलेल्या मोजक्या सन्मानांपैकी तो एक. ऑगस्ट १९८४ मध्ये मोटारसायकल अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते.

उशिरा आलेले सन्मान

त्यानंतर सन्मानांची सुरुवात झाली. महाराष्ट्र शासनाने त्यांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला होता. खाशाबांना तो मरणोत्तर मिळाला २००० सालचा, म्हणजे पदकानंतर जवळपास अर्धशतकाने. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होऊ लागला. त्यांना पद्म पुरस्कार मिळावा, ही मागणी कुस्तीप्रेमी वर्षानुवर्षे करत आले.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकले आणि खाशाबांचे नाव पुन्हा एकदा बातम्यांत झळकले. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली होती. कुसाळेसाठी प्रशिक्षक होते, सरकारी योजना होत्या, परदेशातील सराव होता. खाशाबांसाठी एक गाव होते आणि घर गहाण टाकणारा एक प्राचार्य होता.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे ऑलिम्पिकच्या नव्या लढती रंगतील. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये आणि कुस्तीच्या गादीवर भारताचे तरुण उतरतील. त्यांच्यासोबत प्रशिक्षक, वैद्य आणि नियम तोंडपाठ असलेले व्यवस्थापक असतील. हेलसिंकीत गादीच्या कडेला खाशाबांसाठी जी जागा रिकामी होती, ती आता रिकामी राहू नये, एवढे जरी क्रीडा संघटनांनी पाहिले तरी त्या कांस्यपदकाचा धडा वाया गेला नाही, असे म्हणता येईल.