वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्देकाई हाफकिन (१५ मार्च, १८६० – २६ ऑक्टोबर, १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवरील लसींचे जनक मानले जाणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

त्यांचा जन्म ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरल्यावर त्यांना तेथे पाचारण करण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी काम सुरू केले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते प्लेगचे जंतू वाढवीत. थेंबांखाली जंतूंचे पुंजके पारंब्यांप्रमाणे लोंबत. पुढे जंतू उष्णतेने मारले जात, परंतु ज्या द्रवात ते वाढले तो टाकला जात नसे. यातच या लसीचे वेगळेपण होते. मृत जंतूंमुळे लागण टळेल आणि द्रवात उतरलेल्या जंतुविषाची शरीराला ओळख झाल्याने, लागण झालीच तरी मृत्यूचा धोका घटेल, अशी हाफकिन यांची धारणा होती. १० जानेवारी, १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

त्यांच्या कारकिर्दीवर आघात झाला तो मात्र निराळ्याच जंतूच्या विषामुळे. ३० ऑक्टोबर, १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. धनुर्वाताचे जंतू जखमेतच राहतात. त्यांचे विष मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूपर्यंत पोचते आणि स्नायूंना शिथिल ठेवणारे संदेश अडवते. बाटलीत हे जंतू शिरले कोठे, हा वादाचा मुद्दा होता. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. वास्तविक गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब चौकशीत पुढे आली होती. तिला द्यावे तेवढे महत्त्व तेव्हा दिले गेले नाही.

जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह १० शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. ते कलकत्त्यास रुजू झाले; परंतु माणसांवर लसीच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेचे हाफकिन संस्था असे नामकरण झाले. त्यांचे निधन स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाले.