शियानचा पॅगोडा कोणामुळे उभा राहिला?

चीनमधील शियानला जाणारे पर्यटक मातीच्या सैनिकांची फौज पाहतात, तसा मोठा हंस पॅगोडाही पाहतात. तो उभा राहिला ह्युएन त्संगमुळे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत मेळ लागेना, म्हणून हा भिक्खू मूळ ग्रंथांच्या शोधात, सरहद्द ओलांडण्यास बंदी असतानाही भारताकडे निघाला. तो नालंदेत शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन तो शियानला, म्हणजे तेव्हाच्या चांगआनला परतला. बंदी मोडणाऱ्याचे सम्राटाने स्वागतच केले. ग्रंथ आगीपासून वाचावेत म्हणून ६५२ मध्ये पॅगोडा बांधला गेला. पुढे ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो भाषांतरात गढलेला होता. तरी त्याच्या हातून सुमारे ७५ ग्रंथांचेच भाषांतर झाले.