जमशेटजी टाटा आणि चांद्याचा कोळसा

जमशेटजी टाटा यांचे नाव निघाले की जमशेदपूरच्या भट्ट्या आठवतात, खोपोलीचे वीजगृह आठवते. चांदा जिल्हा मात्र कोणाला आठवत नाही. वस्तुतः त्यांच्या पोलादाच्या ध्यासाचा आरंभ याच जंगलप्रदेशात झाला.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीच्या पारशी पुरोहित घराण्यात जन्मलेल्या जमशेटजींनी १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी कापसाच्या शेजारी असावी, हे त्यांचे साधे गणित होते. १८८२ मध्ये चांद्याच्या लोहखनिजावरील एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याला उत्तम खनिज आणि जवळच वरोऱ्याला कोळसा. तेच गणित येथेही जुळेल असे त्यांना वाटले. परंतु हा कोळसा लोखंड गाळण्यास निरुपयोगी ठरला, कारण त्याचा कोक होत नव्हता. खाणींविषयीचे सरकारी नियमही जाचक होते. योजना बारगळली, ध्यास सुटला नाही.

पुढे त्यांची दृष्टी सह्याद्रीच्या पावसाकडे वळली. मुंबईच्या गिरण्यांना कोळसा दुरून आणावा लागे. घाटमाथ्यावर पाणी साठवून ते सुमारे पाचशे मीटर खाली सोडले, तर त्याच्या जोराने चक्रे व त्यांना जोडलेली जनित्रे फिरतील, हा त्या योजनेचा गाभा. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पोलाद १९१२ मध्ये, तर खोपोलीची वीज १९१५ मध्ये आली. दोन्हींपैकी काहीच त्यांना पाहता आले नाही. त्यांच्या पश्चात मुळशीच्या धरणात मावळ्यांची शेते बुडू लागली आणि १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. वीज एकाची आणि बुडीत दुसऱ्याची, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

चांद्याच्या कोळशाचे दैवही पालटले. कोक न देणारा कोळसा पाण्याची वाफ करण्यास उत्तम चालतो आणि वाफेवर जनित्र फिरते. १९८० च्या दशकात दुर्गापूरला महाऔष्णिक केंद्र उभे राहिले. इरईचे पाणी व वर्धा खोऱ्यातील कोळसा यांवर चालणाऱ्या या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. त्याची वीज राज्यभर जाते. राख आणि धूर मात्र चंद्रपुरातच राहतो. १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिजही आता खणले जात आहे.

कच्चा माल जेथे, उद्योग तेथे, हे जमशेटजींचे गणित आजही खरे आहे. पण ते अपुरे आहे. विजेच्या दरात कोळशाची किंमत धरली जाते, वाहतुकीची धरली जाते. तुटलेल्या जंगलाची आणि त्यावर जगणाऱ्या माणसांची पुरेशी धरली जात नाही. ती रक्कम जमेस धरल्याखेरीज स्वस्त विजेचा हिशेब प्रामाणिक म्हणता येणार नाही.