चार तासांचा हिशेब

परीक्षा जवळ आल्या की आपल्याकडे घराघरांत थॉमस अल्वा एडिसनचे नाव निघते. विजेचा दिवा देणारा हा एवढा मोठा माणूस दिवसाकाठी चारच तास झोपत असे, आणि तू मात्र उन्हे वर आली तरी लोळत पडतोस, असे मुलाला ऐकवले जाते. ऐकवणाऱ्याने ते आपल्या वडिलांकडून ऐकलेले असते, वडिलांनी मास्तरांकडून. मूळ दावा मात्र खुद्द एडिसनचाच. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना तो आयुष्यभर हे सांगत आला. माणसे गरजेपेक्षा जास्त जेवतात तशी गरजेपेक्षा जास्त झोपतात, त्याने त्यांची तब्येत बिघडते आणि वेळ वाया जातो, असे त्याचे ठाम मत होते.

माझी उमेदीची वर्षे बँकेत खतावण्या तपासण्यात गेली. कोणी आकडा सांगितला की तो कुठल्या रकान्यात मांडला आहे आणि कुठला रकाना कोरा सोडला आहे, हे पाहिल्यावाचून मला राहवत नाही. एडिसनच्या चार तासांचा आकडाही तसा पाहण्याजोगा आहे.

त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान या लहानशा गावातला. पुढे कुटुंब मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्यूरनला गेले. बाराव्या वर्षी हा मुलगा पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे, फळे आणि गोड गोळ्या विकू लागला. सकाळी सातला निघालेली गाडी रात्री साडेनऊच्या सुमारास परत येई. घरी आल्यावर त्याला मित्राच्या घरापर्यंत ओढलेल्या तारेवर तारायंत्राचा सराव करायचा असे, आणि वडिलांना वाटे पोराने आता झोपावे. त्यावर त्याने युक्ती काढली. न खपलेले अंक तो वडिलांना वाचायला आणत असे, ते त्याने मित्राकडेच ठेवायला सुरुवात केली. बातम्या हव्या असतील तर तारेवरून मागवून देतो, म्हणाला. वडिलांना बातम्यांची गोडी, त्यामुळे दिवा मालवण्याची वेळ पुढे पुढे जात राहिली. झोपेचा वेळ दुसरीकडे वळवण्याचा त्याचा हा पहिला व्यवहार म्हणायला हरकत नाही.

माउंट क्लेमेन्स स्टेशनच्या मास्तरांचे लहान मूल रुळांवर गेले असता एडिसनने ते उचलून वाचवले. त्याच्या बदल्यात मास्तरांनी त्याला तारेचे काम शिकवले आणि सोळा-सतराव्या वर्षी तो तारमास्तर झाला. नोकरी मिळाली कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड जंक्शनवर, तीही रातपाळीची, संध्याकाळी सात ते सकाळी सात. दिवसा झोपावे तर प्रयोग राहतात. म्हणून दिवस प्रयोगांत जाई आणि रात्री कामावर डोळा लागे. तारमास्तर जागा आहे हे कळावे म्हणून दर तासाला ठरावीक खूण तारेने पाठवायची, असा रेल्वेचा नियम होता. एडिसनने घड्याळाला खाचा पाडलेले एक चाक जोडले. तास भरला की चाक फिरे आणि खूण आपोआप जाई. साहेब खूष होते, कारण या पोराची खूण कधी चुकत नसे. पण खूण येताच लगेच उलट तार केली तर तिकडून उत्तर नाही, असे एकदा ध्यानात आले आणि बिंग फुटले.

पुढची गोष्ट त्याने स्वतःच सांगितलेली आहे. एका रात्री मालगाडी थांबवून धरण्याचा हुकूम आला. तो निशाणवाल्याला शोधायला धावला, तेवढ्यात गाडी निघून गेली. समोरून त्याच रुळावर दुसरी गाडी सुटलेली होती. काळोखात गाडीमागे धावताना तो एका मोरीत पडला. नशिबाने रूळ सरळ होते, चालकांना एकमेकांचे दिवे दिसले आणि गाड्या थांबल्या. त्या रात्री तो झोपलेला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दिवसभर प्रयोग आणि रात्रभर पाळी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलावर दोन गाड्यांतली माणसे सोपवली होती, हेही खरेच. टोरांटोला मोठ्या साहेबांपुढे उभे केल्यावर, साहेब दुसऱ्या पाहुण्यांशी बोलण्यात गुंतले असताना, तो हळूच सटकला आणि सीमा ओलांडून घरी आला.

१८७६ मध्ये न्यूयॉर्कपासून पंचवीस मैलांवरच्या मेन्लो पार्कला त्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटली. काम रात्रीचेच. मध्यरात्री सगळ्यांचे एकत्र जेवण होई, एका टोकाला ठेवलेला ऑर्गन कोणी वाजवी, गाणी होत आणि पुन्हा काम सुरू. कार्बनच्या तंतूचा दिवा ऑक्टोबर १८७९ मध्ये पेटला. तो चाळीस तास जळला आणि तेवढा वेळ सारे टक लावून बसले होते, ही लोकांच्या आवडीची कथा. प्रयोगांच्या वह्यांत मात्र त्या यशस्वी दिव्यापुढे साडेतेरा तासांची नोंद आहे. एडिसनच्या बाबतीत आकडे असे फुगत जातात आणि ते फुगू देणे त्याला वावडेही नव्हते.

मग झोप कधी? या माणसाला कुठेही आणि केव्हाही झोपता येई. कामाच्या बाकावर, जिन्याखालच्या कोनाड्यात, पुस्तके उशाला घेऊन. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र उभारताना तो तिथे रचलेल्या लोखंडी नळ्यांवर झोपे. लहानपणापासून त्याला कमी ऐकू येत असे, त्यामुळे भोवतालच्या ठोकाठोकीचा उपद्रव नव्हता. वेस्ट ऑरेंजच्या प्रशस्त ग्रंथालयात त्याच्यासाठी एक कॉट टाकलेली होती, ती आजही तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळते. १९२१ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग झाडाखाली खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले आहेत आणि जवळच गवतावर एडिसन कोट घालून गाढ झोपला आहे. राष्ट्राध्यक्ष शेजारी असताना ज्याला अशी झोप लागते त्याला झोपेचा शत्रू कसे म्हणावे?

या डुलक्या त्याच्या चार तासांत कधी धरल्या गेल्या नाहीत. १८८५ च्या उन्हाळ्यात त्याने काही दिवस रोजनिशी लिहिली. तीत तो रात्री झोप कशी लागली, सकाळी किती वाजता उठलो, याची चवीने नोंद करतो. बातमीदारांपुढे झोपेला नावे ठेवणारा माणूस तीत शोधूनही सापडत नाही.

त्याने स्वतःची झोप तुकड्यातुकड्यांनी वसूल केली. भोवतालच्यांना ती सोय नव्हती. पहिली पत्नी मेरी हिच्याशी त्याचे लग्न १८७१ च्या नाताळात झाले. नवरा प्रयोगशाळेत आणि ती मुलांसह रात्री एकटी. भीतीपोटी ती उशाखाली पिस्तूल ठेवून झोपत असे. एका रात्री किल्ली विसरलेला एडिसन छपरावरून खिडकीने आत शिरू लागला तेव्हा तिने जवळजवळ गोळीच झाडली होती, अशी आठवण त्यांच्या मुलीने सांगितली आहे. मेरी १८८४ मध्ये, तिशीही न गाठता गेली. तिच्या मृत्यूचा संबंध कोणी जागरणाशी जोडू नये, तसा पुरावा नाही. पण त्या घरातल्या रात्री कशा असतील याचा विचार एडिसनच्या चरित्रकारांनी फारसा केलेला नाही, हे मला खटकते.

१६ जून १८८८ च्या पहाटेचे त्याचे छायाचित्रही गाजले. फोनोग्राफ सुधारण्यासाठी सलग बहात्तर तास जागून तो डोके हातावर टेकून बसला आहे, नेपोलियनच्या थाटात. पासष्टाव्या वर्षी, १९१२ मध्ये, तबकडीचा फोनोग्राफ तयार करताना निवडक माणसांना घेऊन त्याने पाच आठवडे रात्रंदिवस काम केले. या टोळीला गमतीने निद्रानाश पथक म्हणत. मालकाच्या डुलकीला कोणी हरकत घेत नाही. नोकराची डुलकी मात्र कामचुकारपणात जमा होते.

आणि त्याचा दिवा? ४ सप्टेंबर १८८२ ला पर्ल स्ट्रीटच्या केंद्रातून सुमारे चारशे दिवे लागले. तिथून तो उजेड पसरत १९०५ च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत पोचला. तोवर गिरणीचा दिवस बव्हंशी सूर्याबरोबर उगवे आणि मावळे. विजेचे दिवे आले आणि काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार खवळले, दंगे झाले, चौकशा बसल्या. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. परळ-लालबागच्या चाळीत एकाच खोलीत पाळ्या लावून झोपलेल्या माणसांना एडिसनचे नाव माहीत असायचे कारण नव्हते.

माणसाला नक्की किती झोप लागते याचे उत्तर एडिसनच्या काळापेक्षा आज अधिक भरवशाने देता येते. मोठ्या माणसाला रोज निदान सात तास हवेत, अशी शिफारस अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये मिळून केली. शाळकरी मुलांना नऊ ते बारा आणि कुमारवयीनांना आठ ते दहा तास लागतात. परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला उठवणाऱ्या आईबापांनी एवढे लक्षात ठेवावे. जन्मतःच कमी झोप पुरणारी माणसे असतात, हेही खरे. २००९ मध्ये एका आई-मुलीत सव्वासहा तासांची झोप पुरण्याशी जोडलेला जनुकातला बदल सापडला. पण अशी माणसे विरळा. बाकीचे आपण त्यांतले आहोत अशी समजूत करून घेतात.

ही समजूत का टिकते, ते पेनसिल्व्हेनियातल्या २००३ च्या एका प्रयोगात दिसले. काही जणांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले. त्यांचे लक्ष आणि चपळाई दिवसेंदिवस ढासळत गेली आणि अखेरीस, एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. विचारल्यावर मात्र ती माणसे थोडीशीच पेंग येते, म्हणत. आपण किती झिजलो आहोत हे झिजलेल्या डोक्याला कळत नाही. आमच्याकडे वार्षिक हिशेब बंद करताना रात्र रात्र बसावे लागे. रात्री दोननंतर कोणीही बेरजा करायच्या नाहीत, केवळ पाने लावायची, असा एका जुन्या हेडक्लार्कचा दंडक होता. तरणेताठे कारकून त्यांना हसत.

झोप कमी पडणारच असेल तर काय करावे, याबाबत एडिसनच्या बोलण्यापेक्षा त्याचे वागणे उपयोगी आहे. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी खरोखर कामाला येते. रातपाळीला निघण्यापूर्वी घेतली तर फारच चांगले. त्याहून लांबली तर जाग आल्यावर काही वेळ डोके जड राहते. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी टाळावा, कारण त्यातल्या द्रव्यापैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही अंगात असते. झोपण्याआधी तासभर दिवे मंद करावेत आणि मोबाइल दूर ठेवावा. प्रखर उजेडाने मेंदूला अजून दिवसच आहे असे वाटते. रविवारी जास्त झोपून आठवड्याची तूट थोडी भरते, सगळी नाही. आणि डोळे मिटू लागले असताना गाडी चालवू नये. रस्त्याच्या कडेला थांबून झोपावे, घरी उशीर झाला तरी चालेल.

एडिसन हातात धातूचा गोळा धरून खुर्चीत बसे, डोळा लागताच गोळा खाली पडे आणि जाग येताच नवी कल्पना हाती लागे, असेही सांगतात. गोष्ट रचलेली वाटते. पण पॅरिसच्या संशोधकांनी ती २०२१ मध्ये पडताळून पाहिली. गणिताच्या कोड्यात एक छुपी वाट ठेवली होती. मधल्या विश्रांतीत हातात वस्तू धरून जे झोपेच्या उंबरठ्यावर निदान पंधरा सेकंद होते त्यांतल्या शंभरात त्र्याऐंशी जणांना ती सापडली, जागे राहिलेल्यांत एकतीस जणांना आणि गाढ झोपेकडे गेलेल्यांत अवघ्या चौदा जणांना. म्हणजे एडिसनच्या डुलक्याही कामाच्याच रकान्यात मांडायला हव्यात.

हे सगळे साधले ते तो स्वतःचा मालक होता म्हणून. रुग्णालयातली परिचारिका, सोसायटीचा पहारेकरी, रात्रीच्या एसटीचा चालक, तान्ह्या मुलाची आई यांना मनाला येईल तेव्हा बाकावर आडवे होता येत नाही. तान्ह्या मुलाच्या घरी सासूने किंवा नवऱ्याने रात्रीचा एक वार स्वतःकडे घेतला, तर त्या आईला सलग चार तास मिळतात. एडिसनचे चार तास एवढ्यापुरते उपयोगी पडतात.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी पहाटे तीन वाजून चोवीस मिनिटांनी, वेस्ट ऑरेंजच्या घरी एडिसन वारला. वय चौऱ्याऐंशी. त्याच्या सन्मानार्थ साऱ्या देशाची वीज काही क्षण बंद करावी अशी सूचना पुढे आली, पण ते धोक्याचे ठरले असते. म्हणून २१ तारखेला रात्री दहाच्या सुमारास लोकांनी आपापल्या घरचे दिवे मिनिटभर मालवावेत, असे आवाहन राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी केले. दिवे मालवले गेले. वीजकेंद्रांची यंत्रे मात्र चालूच होती आणि त्यांच्यापाशी रातपाळीची माणसे जागी होती.